पाखरांची रांग आणि विमानाचे इंधन

पावसाळा सरून भाताची कापणी सुरू झाली की कोकणातल्या कुठल्याही खाडीकाठच्या गावी मगरिबच्या सुमारास घराकडे परतणाऱ्या बगळ्यांच्या रांगा दिसतात. कधी एकच तिरकी ओळ असते, तर कधी दोन ओळी पुढे एका टोकाला मिळून बाणाच्या पात्यासारखा आकार झालेला असतो. लहानपणी आम्ही त्या रांगांतली पाखरे मोजत असू. पुढे शिक्षकी पेशात आल्यावर वर्गातल्या एका मुलाने मला विचारले, "सर, हे असे तिरके का उडतात? एकामागे एक सरळ का नाही उडत?" मी उत्तर दिले की पुढचा वाट दाखवतो आणि बाकीचे त्याला बघत जातात. उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धवट होते. नंतर वाचन वाढले तेव्हा समजले की त्या मुलाच्या प्रश्नाच्या उत्तरावर विमानाचे इंधन वाचविण्याची एक विद्या उभी आहे आणि तिचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. तो इतिहास येथे सांगावयाचा आहे.

प्रश्न मात्र त्याहूनही जुना. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिसेरो या रोमन लेखकाने क्रौंच पक्ष्यांचे वर्णन करून ठेवले आहे. समुद्र ओलांडून जाताना ते त्रिकोणी रचनेत उडतात, सर्वांत पुढच्याला आधार नसतो म्हणून तो थकला की मागे येतो आणि विसावलेला दुसरा त्याची जागा घेतो, असे त्याने लिहिले. हे ज्ञान तो ॲरिस्टॉटलच्या नावावर सांगतो. पुढची कित्येक शतके लोकांनी ही एक गंमतीची गोष्ट म्हणून ऐकली. ती खरी की कल्पित, हे ठरविण्याचे साधनच कोणापाशी नव्हते. वाचकांनी हा सिसेरो लक्षात ठेवावा. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यावे लागणार आहे.

शास्त्रीय उत्तराची सुरुवात १९१४ साली जर्मनीत झाली. गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल या प्राध्यापकाच्या हाताखाली हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करणारी एक संस्था होती. तेथील कार्ल व्हिझेल्सबेर्गर या संशोधकाने स्थलांतर करणारे पक्षी कोन करून का उडतात, याचे स्पष्टीकरण देणारा एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. ते वर्ष पहिल्या महायुद्धाचे. विमान जन्माला येऊन जेमतेम ११ वर्षे झाली होती आणि लढाईसाठी विमाने बनविण्याची जगभर घाई चालली होती. अशा वेळी एक माणूस पाखरांच्या रांगेचा हिशेब मांडत बसला होता, हे मला फार विलक्षण वाटते.

त्याचा हिशेब सोप्या भाषेत असा. पंख हवेत पुढे सरकतो तेव्हा पंखाखाली हवेचा दाब जास्त आणि पंखावर कमी असतो. या फरकामुळेच पक्षी किंवा विमान वर उचलले जाते. पण पंखाला टोक असते. टोकापाशी खालची जादा दाबाची हवा कडेने वळसा घेऊन वर जाऊ पाहते. विमान पुढे निघून जाते आणि ही वळसा घेणारी हवा मागे भोवऱ्यासारखी गरगरत राहते. प्रत्येक पंखाच्या टोकामागे असा एक लांबच लांब आडवा भोवरा तयार होतो. दोन भोवऱ्यांच्या मधली, म्हणजे विमानाच्या थेट मागची हवा खाली ढकलली जाते, तर टोकांच्या बाहेरच्या बाजूची हवा वर उसळते.

आता मागच्या पाखराचा विचार करा. ते पुढच्याच्या थेट मागे राहिले तर खाली जाणाऱ्या हवेत सापडेल आणि त्याला जास्तच कष्ट पडतील. मात्र ते थोडे बाजूला, पुढच्याच्या पंखाच्या टोकालगत राहिले, तर वर उसळणाऱ्या हवेवर त्याचा एक पंख तरंगेल. भरतीबरोबर खाडीत शिरणाऱ्या होडीला वल्ही कमी मारावी लागतात, तसाच हा प्रकार. प्रत्येकाने पुढच्याच्या बाजूला सरकायचे ठरविले की रांग आपोआप तिरकी होते. त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे होते.

विमानाच्या बाबतीत हे किती महत्त्वाचे? मोठे प्रवासी विमान उंचावर एका वेगाने जात असते तेव्हा त्याला मागे खेचणाऱ्या एकूण रोधापैकी ढोबळमानाने ४० टक्के रोध हा निव्वळ हवेत तरंगत राहण्याची किंमत असतो, म्हणजे त्या भोवऱ्यांपायी द्यावी लागणारी किंमत. बाकीचा रोध हवेच्या घर्षणाचा वगैरे. दुसऱ्या कोणी तरी निर्माण केलेल्या भोवऱ्यावर स्वार होता आले, तर या ४० टक्क्यांतला काही भाग वाचतो आणि तेवढे इंधन वाचते.

याच गॉटिंगेनमधल्या माक्स मुंक या तरुणाने, जो पुढे अमेरिकेला गेला, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एक नियम सिद्ध केला. दोन पंख एकमेकांपासून पुढेमागे कितीही सरकविले, तरी दोघांची मिळून होणारी बचत तीच राहते. बदलते ती फक्त वाटणी. दोघे शेजारी शेजारी असतील तर नफा दोघांत सारखा. एक जण जसजसा मागे जाईल तसतसा नफा त्याच्याकडे सरकतो, आणि तो पुरेसा मागे गेला की सगळा नफा त्याचा आणि पुढच्याला काहीच नाही. मुंकच्या मनात तेव्हा एकावर एक पंख असलेल्या विमानांचा प्रश्न होता. विमानांच्या रांगेचा विचार त्याने केला होता असे नव्हे. पण या विद्येतला सर्वांत अवघड भाग त्याच्या नियमात अगोदरच लिहिलेला आहे.

इतके सगळे १९२० पर्यंत कळले होते. तर मग विमाने रांगेत का उडू लागली नाहीत?

उडत नव्हती असे नाही. १९३३ च्या जुलै महिन्यात इटलीचा हवाईमंत्री इटालो बाल्बो याने पाण्यावर उतरणारी २५ विमाने घेऊन ऑर्बेतेल्लो या खाजणाकाठच्या गावाहून कूच केले. ॲमस्टरडॅमला एक विमान गमावले. उरलेली २४ आइसलँडवरून, माँट्रियलवरून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला पोहोचली. विमानांच्या मोठ्या ताफ्याला इंग्रजीत पुढे 'बाल्बो' हेच नाव पडले. पण या रांगांचा हेतू इंधन वाचविणे हा नव्हता. मुसोलिनीच्या राजवटीचा दिमाख जगाला दाखवायचा, एवढ्यासाठी तो सारा खटाटोप होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बाँबफेकी विमाने दाटीवाटीने उडत, तीही एकमेकांच्या तोफांचे संरक्षण मिळावे म्हणून. उलट रांगेतली जागा टिकविण्यासाठी मागच्या वैमानिकाला इंजिनाचा जोर सारखा कमीजास्त करावा लागे आणि त्यात इंधन जादाच जाई. आपल्याकडे २६ जानेवारीला दिल्लीच्या आकाशातून विमाने पंखाला पंख लावून जातात, तीही डोळ्यांचे पारणे फेडण्यासाठीच.

पाखराला जे सहज जमते ते माणसाला जमत नव्हते, याचे कारण लाभाची जागा फार अरुंद असते. भोवरा डोळ्यांना दिसत नाही. जरा आत सरकले की हवा खाली दाबते. अगदी टोकावर गेले की भोवराच विमानाला कुशीवर लोळवू पाहतो. वैमानिकाने सतत हात, पाय आणि डोळे ताणून ती जागा पाच-दहा मिनिटे धरली तरी पुष्कळ. सहा-सात तास कोण धरणार?

आणि चुकल्यास काय होते हे ८ जून १९६६ रोजी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटावर जगाने पाहिले. एक्सबी-७० हे सहा इंजिनांचे प्रचंड चाचणी-विमान आणि त्याच्याबरोबर चार लहान जेट विमाने, अशी पाच विमाने एका इंजिन कंपनीच्या छायाचित्रासाठी जवळजवळ उडत होती. पाचही विमानांना त्याच कंपनीची इंजिने होती. लहान विमानांपैकी एकात ज्यो वॉकर होता. तीनच वर्षांपूर्वी त्याने एक्स-१५ हे रॉकेट-विमान १०० किलोमीटरहून अधिक उंचीवर नेले होते. तेव्हा तो नवशिका नव्हता. त्याचे विमान मोठ्या विमानाच्या पंखाच्या टोकापाशी फार जवळ आले, तेथे त्याचा स्पर्श झाला आणि भोवऱ्याने त्याला उचलून मोठ्या विमानाच्या पाठीवरून पलीकडे फेकले. जाता जाता मोठ्या विमानाची उभी शेपटे तुटली. वॉकर जागीच ठार झाला. मोठे विमान काही क्षण सरळ उडाले आणि मग गरगरत खाली गेले. त्यातला वैमानिक अल व्हाइट जबर जखमी होऊन वाचला. त्याचा सोबती कार्ल क्रॉस वाचला नाही. एका छायाचित्रासाठी दोन जीव गेले. यानंतर तीनच वर्षांनी बोइंग ७४७ आकाशात आले आणि त्याच्या भोवऱ्यांची ताकद पाहून विमानतळांवर मोठ्या विमानामागे ठरावीक मैल अंतर सोडण्याचे नियम कडक झाले. विमानचालनाच्या जगात भोवरा हा शब्द 'दूर राहा' या अर्थानेच रूढ झाला, आणि ते योग्यच होते.

अशा वातावरणात १९७० साली लिसामन आणि शोलेनबर्गर या दोन अमेरिकन संशोधकांनी 'सायन्स' या साप्ताहिकात गणित मांडले की २५ पक्षी नेमक्या रचनेत उडाले तर एकट्या पक्ष्यापेक्षा सुमारे ७० टक्के अधिक पल्ला गाठू शकतील. हा आकडा कागदावरचा होता. प्रत्यक्ष मोजमापे पुढे झाली तेव्हा लाभ त्याहून बराच कमी निघाला. पण अभियंत्यांची झोप उडविण्यास तो पुरेसा होता.

आणि लगेच १९७३ साल उजाडले. त्या ऑक्टोबरातल्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेल-निर्यातबंदी आली. खनिज तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलर होता, तो पुढच्या जानेवारीत ११ डॉलरच्या वर गेला. ज्या भाववाढीने आमच्या कोकणातल्या शेकडो तरुणांना आखाताची वाट खुली केली, त्याच भाववाढीने विमान कंपन्यांचे कंबरडे मोडले. आता इंधनाचा थेंब न थेंब मोजला जाऊ लागला. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेतील रिचर्ड व्हिटकोंब याने १९७६ मध्ये पंखाच्या टोकाला लहानसे उभे पाते बसविण्याची कल्पना मांडली. विमानातून प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने पंखाचे ते वर वळलेले टोक पाहिले असेल. ते शोभेसाठी नाही. टोकावरचा भोवरा सौम्य करण्यासाठी ते असते, आणि पहिल्या मोठ्या चाचण्यांत त्याने ६ ते ७ टक्के बचत दाखविली. भोवऱ्यावर स्वार होण्यापेक्षा भोवराच कमी करणे सोपे, म्हणून विमान-उद्योगाने आधी ही वाट धरली. यात त्यांची चूक होती असे मला वाटत नाही.

रांगेचा विचार मात्र मेला नाही. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे डीट्रिश हुमेल या प्राध्यापकाने दोन लहान डॉर्निअर विमाने प्रत्यक्ष रांगेत उडवून मोजमाप घेतले. मागच्या विमानाला लागणारी इंजिनाची शक्ती १० ते १५ टक्क्यांनी घटली. हे काम १९९० च्या आसपासचे. २००१ साली 'नासा'ने कॅलिफोर्नियात दोन एफ-१८ लढाऊ विमानांवर तोच प्रयोग फार काटेकोरपणे केला. उपग्रहांच्या मदतीने एकमेकांची जागा मोजत मागचे विमान नेमके कोठे ठेवावे, याचा जणू नकाशाच त्यांनी तयार केला. पुढच्याच्या पंखाच्या टोकाच्या किंचित आत आपल्या पंखाचे टोक यावे, ही सर्वांत लाभाची जागा ठरली आणि तेथे इंधनात १८ टक्क्यांपर्यंत बचत दिसली.

योगायोग असा की त्याच २००१ साली पाखरांचाही हिशेब प्रथमच पाखराच्या अंगावर मोजला गेला. आपल्याकडे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत डॉ. सालिम अली यांनी १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याचे मोठे काम उभे केले होते. पण कड्याने पाखरू कोठून कोठे गेले एवढेच कळते. वाटेत त्याचे काळीज किती धडधडले, ते कळत नाही. त्यासाठी पाखराच्या पाठीवर मावतील इतकी लहान यंत्रे यावी लागली. फ्रेंच संशोधकांनी आफ्रिकेतील सेनेगल येथे माणसाळविलेल्या पेलिकन पक्ष्यांवर अशी यंत्रे बसविली. हे पक्षी एका चित्रपटासाठी होडीच्या आणि हलक्या विमानाच्या मागे उडण्यास शिकविलेले होते. रांगेत उडताना त्यांच्या हृदयाचे ठोके कमी पडत आणि ते पंखही कमी हलवीत. हिशेबाने ११ ते १४ टक्के शक्ती वाचत होती. ७० टक्क्यांचे स्वप्न एवढ्यावर उतरले खरे, पण स्वप्न खोटे नव्हते.

यानंतरची गाठ सुटली ती एका जुन्या निरीक्षणातून. विमानामागचे भोवरे लगेच विरत नाहीत. शांत हवेत ते कित्येक किलोमीटर मागेपर्यंत टिकतात आणि सावकाश खाली उतरत जातात. तेव्हा पंखाला पंख भिडविण्याची गरजच काय? हजार-दोन हजार मीटर मागे राहूनही भोवऱ्याच्या कडेवर बसता येईल. टकरीचे भय गेले आणि जागा धरून ठेवण्याचे कष्ट संगणकावर सोपविता आले. २०१२ पासून अमेरिकन हवाई दलाने सी-१७ या अवजड मालवाहू विमानांवर हे करून पाहिले. स्वयंचालकाच्या आज्ञावलीत थोडा बदल केला, मागचे विमान शेकडो मीटर अंतरावर ठेवले, आणि मागच्याच्या इंधनात १० टक्क्यांपर्यंत बचत नोंदली गेली.

प्रवासी विमानांपर्यंत ही गोष्ट पोहोचली ९ नोव्हेंबर २०२१ रोजी. एअरबस कंपनीची दोन ए-३५० विमाने फ्रान्समधील तुलूझहून निघाली आणि अटलांटिक महासागर ओलांडून माँट्रियलला उतरली. मागचे विमान पुढच्यापासून ३ किलोमीटरवर होते. कंपनीने सांगितले की या फेरीत ६ टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड वाचला आणि लांब पल्ल्यावर ५ टक्क्यांहून अधिक इंधन वाचू शकते. एक किलो इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा: ६ टन म्हणजे जवळजवळ १,९०० किलो इंधन. एका विमानाच्या एका फेरीत! बाल्बोची विमानेही याच माँट्रियलला उतरली होती; ८८ वर्षांपूर्वी त्यांनी किती इंधन जास्त जाळले असेल, कोण जाणे.

मुंबईहून आखातात जाणाऱ्या तीन-साडेतीन तासांच्या उड्डाणाला या विद्येचा फारसा उपयोग होईल असे दिसत नाही. चढण्या-उतरण्यात आणि जोडीदार गाठण्यातच वेळ जाईल. महासागरावरून सहा-सहा तास एकाच दिशेने जाणाऱ्या विमानांसाठी ती आहे. पण तेथेही ती अजून चाचण्यांच्या पलीकडे जाऊन नित्याच्या वेळापत्रकात आलेली नाही, आणि आता अडचण हवेची नाही, माणसांची आहे.

मुंकचा नियम आठवा. विमान ३ किलोमीटर मागे असले की सगळा नफा मागच्याचा. पुढच्याला काहीच मिळत नाही. उलट जोडी जमविण्यासाठी त्याने थोडा वेग वा मार्ग बदलला तर त्याचे नुकसानच. दोन्ही विमाने एकाच कंपनीची असतील तर प्रश्न नाही, पैसा एकाच खिशात राहतो. पण अटलांटिकवर एका वेळी एका दिशेने जाणारी जवळची विमाने बहुधा एकमेकांच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांची असतात. तिकिटाच्या पाच रुपयांसाठी भांडणाऱ्या कंपनीला आपला भोवरा फुकट का द्यावा?

येथे सिसेरोकडे परत जाऊ. डोक्यावर पिसे नसलेला शराटी जातीचा एक पक्षी मध्य युरोपातून सतराव्या शतकात नाहीसा झाला होता. त्याला पुन्हा वसविण्यासाठी ऑस्ट्रियातील काही मंडळी पिलांना हाताने वाढवीत आणि हलक्या विमानाच्या मागे उडवीत आल्प्स पर्वतापलीकडे इटलीत नेऊन सोडीत असत. गंमत अशी की त्यांचे हिवाळी मुक्कामाचे ठिकाण म्हणजे बाल्बो जेथून निघाला तेच ऑर्बेतेल्लोचे खाजण. अशा १४ पक्ष्यांच्या पाठीवर मोजणीयंत्रे बसवून संशोधकांनी प्रत्येकाची जागा आणि पंखांची प्रत्येक हालचाल टिपली. २०१४ मध्ये दिसून आले की पक्षी लाभाची नेमकी जागा तर धरतातच, शिवाय पंख मारण्याची वेळही पुढच्याच्या भोवऱ्याशी जुळवून घेतात. पुढच्या वर्षी त्याच नोंदींतून आणखी एक गोष्ट निघाली. पक्षी जोडीजोडीने पुढे-मागे होत होते, आणि एखादा पक्षी जितका वेळ दुसऱ्याच्या मागे राही जवळजवळ तितकाच वेळ तो पुढेही राही. पुढे जाण्याचे टाळून नुसता मागचा लाभ घेणारा त्या थव्यात सापडला नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन लेखक क्रौंचाबद्दल जे ऐकून लिहीत होता, ते शराटीच्या बाबतीत मोजून सिद्ध झाले.

विमानांना मात्र अर्ध्या वाटेत जागा बदलणे सोपे नाही. वाहतूक-नियंत्रकांच्या दृष्टीने तो नसता धोका. म्हणून वाचलेल्या इंधनाची किंमत उतरल्यानंतर हिशेब करून वाटून घ्यावी, असा विचार पुढे आला आहे. त्यासाठी कोणाचे किती वाचले हे दोघांनीही मान्य करावे लागेल, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या वहीवर विश्वास ठेवायचा. शिवाय पॅरिसहून निघालेले आणि लंडनहून निघालेले विमान समुद्रावरच्या एका ठरलेल्या बिंदूवर एकाच मिनिटाला पोहोचले पाहिजे. एकाला धावपट्टीवर दहा मिनिटे उशीर झाला की दुसरा त्याच्यासाठी रेंगाळणार आणि वाचवायचे तेवढे इंधन तेथेच जाळणार. युरोपातील वाहतूक-नियंत्रक आणि विमान कंपन्या सध्या याच भेटीच्या बिंदूचे गणित सोडवीत आहेत.

तो मुलगा आता मोठा झाला असेल. मी त्याला तेव्हा सांगितले होते की पुढचा वाट दाखवतो. पुढचा हवाही उचलून धरतो, हे त्याला सांगायचे राहून गेले.